दादांना ऐकू आलं त्या सकाळी

या ग्रुपवर मी बरीच वर्षं नुसती वाचतेय. लिहायचं दोनतीनदा मनात आलं, पण हात थांबला… कारण माझ्या अनुभवात वडाचं झाड नाही, पांढऱ्या साडीतली बाई नाही आणि घाबरावं असंही फारसं काही नाही. तेव्हा हे इथं बसतं की नाही ते तुम्हीच ठरवा. परवा नातीनं विचारलं, "आजी, तुला कधी काही विचित्र झालंय का गं?" आणि मी पटकन "हो" म्हणून बसले. आता तिला सांगितलंच आहे, तर तुम्हालाही सांगते.

असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. त्यात माझा काही मोठेपणा नाही, घरचं वळणच तसं होतं. माझ्या आजोबांनी धम्मदीक्षा घेतल्यावर घरातले देव टोपलीत घालून नदीला नेऊन सोडले होते. गावात कुणाच्या अंगात आलं की माझे वडील म्हणायचे, "त्याला पोटभर जेवू घाला, उतरंल." भूत-पिशाच्च, करणी, नजर हे शब्द आमच्याकडे फक्त हसण्यासाठी निघायचे. त्यामुळे जे घडलं त्याला काय म्हणायचं, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळत नाही.

वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. आमचं गाव जळकोटकडचं. दादा विहिरी खोदणाऱ्या टोळीत होते. मी आईच्या पोटात असताना एका विहिरीत सुरुंगाची दारू भरलेलं एक भोक उशिरा उडालं. दादा वर येत होते, हातपाय शाबूत राहिले, पण दोन्ही कान गेले. अर्धवट नाही, साफ गेले. म्हणजे माझा जन्म झाला तेव्हा मी रडले असेन, ते त्यांनी फक्त पाहिलं.

बोलता त्यांना यायचं. आपला आवाज आपल्यालाच ऐकू येत नसल्यामुळे ते फार मोठ्यानं बोलायचे, एवढंच. आम्ही त्यांच्याशी हातानं आणि ओठांनी बोलायचो. कपाळावर बोट टेकवलं की आई, मूठ तोंडाशी नेली की पाणी, दोन्ही हात डोक्यावर धरले की शाळा. छोटे शब्द ते ओठांवरून ओळखायचे. मोठं वाक्य आलं की कपाळाला आठ्या पडायच्या आणि म्हणायचे, "परत म्हण." घरात असे शे-दीडशे हातवारे होते, त्यात आमचा संसार चालला होता. एक गोष्ट मात्र मला पुष्कळ उशिरा उमगली. मी दादांना जन्मात कधी हाक मारली नव्हती. लहानपणी पडले, लागलं, तरी आधी उठून त्यांच्यापर्यंत जायची, गुडघ्याला मिठी मारायची आणि मग रडायची.

मी शाळेत असतानाच आई गेली. पुढं मी शिकले आणि नोकरीला लागले. लातूर तेव्हा नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. रोज नवं ऑफिस, नवे साहेब, आणि त्या सगळ्यांना ट्रंककॉल लागायचे. मला टेलिफोन ऑपरेटरची नोकरी मिळाली. योग बघा… दिवसभर कानाला हेडफोन लावून बोलायचं हेच माझं काम. नांदेडच्या, सोलापूरच्या ऑपरेटर बायका मला चेहऱ्यानं ओळखत नव्हत्या, पण आवाजानं बरोबर ओळखायच्या. माझा 'र' जरा वेगळा आहे, जीभ घसरल्यासारखा. त्यावरून त्या चिडवायच्या, "आली बाई लातूऽर!" अख्ख्या मराठवाड्याला माझा आवाज माहीत होता… एका माणसाला सोडून.

पहिला पगार हातात आल्यावर मी दादांना नांदेडला कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी कानात बघितलं, चिमट्यासारखा काटा वाजवून कवटीला लावला, मशीनवर तपासलं. म्हणाले, "बाई, पडद्याचा प्रश्न नाही. आतली नसच मेलेली आहे. यंत्र लावूनही काही व्हायचं नाही." दादांना मी हातानं 'नाही' एवढंच सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, "मला ठाऊक होतं. तू उगं एसटीचं तिकीट फाडलंस."

मग दुष्काळाची वर्षं आली. गावाकडच्या विहिरी तळाला गेल्या, आणि बहिऱ्या माणसाला कामावर घेणार कोण? मी दादांना लातूरला माझ्या खोलीवर आणलं. तिथंही पाण्याचे हाल होतेच. टँकर आला की दादा घागर घेऊन रांगेत उभे राहायचे. पुढून कुणी "चला आता, तुमचा नंबर" म्हणालं तरी त्यांना कळायचं नाही आणि मागचा माणूस ढकलून पुढं जायचा. मी ड्यूटीवरून आले की ते रिकामी घागर दाखवून लहान मुलासारखे ओशाळायचे. मी ठरवून टाकलं होतं… लग्न करायचं नाही. आपण गेलो तर या माणसाशी बोलणार कोण?

आता मुख्य गोष्ट.

दादांची धाकटी बहीण, सगुणाआत्या, नांदेड जिल्ह्याच्या पार त्या टोकाला, किनवटच्या डोंगरात राहायची. आत्याचे यजमान जंगलखात्यात होते. उंबरझरी म्हणून वरच्या पठारावर वीस-पंचवीस घरांची वस्ती होती. पठाराच्या एका अंगाला सागाचं जंगल आणि दुसऱ्या अंगाला सरळ तुटलेला कडा. तिथं जायचं म्हणजे लातूरहून एसटीनं नांदेड, मग छोट्या रुळावरची पॅसेंजर. भोकर, हिमायतनगर करत ती डोंगरात शिरायची. पुढं एक खटारा बस आणि मग चढण.

आत्याचा निरोप आला होता, मृग लागायच्या आत येऊन जा, एकदा नाला भरला की वाट बंद होते. खरं तर दोन सालांपासून नाल्याला पाणीच नव्हतं, पण आत्याचं म्हणणं दरवर्षी तेच. यंदा निरोपाला आणखी एक शेपूट होतं. हिमायतनगरला एक मास्तर होते, प्रभाकर. आत्येभावाच्या लग्नात आमची ओळख झाली होती. दोन-चार वेळा बोलणं झालेलं. त्यांच्या घरचे मला बघायला आत्याकडे येणार होते.

मला ते आवडले होते. लपवत नाही. पण 'नाही' म्हणायचं हे मनाशी पक्कं करूनच मी गाडीत बसले होते. दादांना यातलं इतकंच माहीत होतं की पाहुणे येणार आहेत. 'मला मुलगा आवडलाय, पण तुम्हाला एकटं टाकून जायची भीती वाटते' हे हातानं कसं सांगायचं? आमच्या शे-दीडशे हातवाऱ्यांत त्याला जागा नव्हती. आणि त्या काळी तोंडानं तरी कुठली मुलगी बापाला असं सांगायची!

आम्ही पोचलो त्या संध्याकाळी वारं सुटलं, वळवाचे चार थेंब पडले न पडले आणि आभाळ परत गप्प झालं. सकाळी मी उठले तर दारातलं कडुलिंबाचं झाड नाहीसं झालेलं! इतकं दाट धुकं मी आजवर कधी बघितलं नव्हतं. लातूरच्या कोरड्या फुफाट्यातून आलेली मी… नुसती दारात उभी राहिले तरी पापण्या ओल्या झाल्या. आत्या चुलीपाशी होती. म्हणाली, "धुई उतरली बघ. आभाळच खाली बसून राहिलंय."

"दादा कुठंत?"

आत्याचा हात तव्यावर थांबला. "भाऊ? कळशी घेऊन झऱ्याकडं गेला की मघाच. तवा न्हवती गं एवढी धुई…"

झऱ्याची वाट कड्याच्या बाजूनं जाते. आत्याचे यजमान पहाटेच जंगलात गेलेले. आत्या म्हणाली, "मी शेजारच्या बाप्याला उठवून आणते, तू थांब." पण मी कसली थांबते? चपला न घालताच पळाले.

घरापासून थोडं पुढं गेले आणि मागचं घर पुसलं गेलं. माझाच हात लांब केला तर बोटं पुसट दिसत होती. वाट पायानं चाचपत चालले होते. मी ओरडायला लागले, "दादाऽ! दादाऽऽ!" आणि ओरडतानाच मनातून कळत होतं की हा वेडेपणा आहे. ज्याला ढोल वाजला तरी कळत नाही, त्याला हाका मारून काय उपयोग? पण दुसरं करणार काय? एरवी त्यांना बोलवायचं तर पुढ्यात जाऊन हात हलवायचा, आणि धुक्यात हात दिसत नव्हता. मी रडत होते, ओरडत होते आणि पुढं पुढं चालले होते. पायाखालची मातीची वाट संपून कातळ कधी लागला, ते लक्षातच आलं नाही.

"थांब!"

दादांचा आवाज. तोच, नेहमीचा मोठा.

"पुढं पाय टाकू नको, माय! तू कड्याच्या अंगाला चाललीस. तिथंच उभी ऱ्हा. अन् बोलत ऱ्हा… आवाजावर येतो मी."

आमच्याकडे बाप लेकीला लाडानं 'माय' म्हणतो. मी होते तिथं खिळले. "मी इथं आहे दादा… इथं आहे… इथंच आहे…" एवढंच बोलत राहिले. खरं सांगते, त्या क्षणी माझ्या डोक्यात काहीच आलं नाही. बापानं सांगितलं, मी केलं. धुक्यातून आधी काठीची टकटक आली, मग एक सावली, आणि मग त्यांचा खरखरीत हात माझ्या मनगटावर घट्ट बसला. त्यांनी मला आठ-दहा पावलं मागं ओढत नेलं आणि एका दगडावर बसवलं. दोघांनाही धाप लागली होती.

"कळशी कुठंय?" मी विचारलं. असं काहीतरीच सुचतं बघा अशा वेळी.

"झऱ्यापाशी ठिवली. भरूलालीय अजून."

आणि मग माझ्या ध्यानात आलं. ते माझ्या शेजारी होते, पण त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता. म्हणजे माझा त्यांना कसा दिसत असेल? मी मुद्दाम मान पलीकडे फिरवली. ओठांवर पदर धरला आणि अगदी हळू म्हटलं, "दादा… तुम्हाला ऐकू येतंय?"

त्यांनी चाचपत माझं तोंड आपल्याकडे वळवलं.

"तोंड फिरवून कशाला बोललीस?" ते म्हणाले. "येऊलालंय की."

आता तुम्ही विचाराल, पुढं काय झालं, आम्ही ओरडलो, नाचलो? तसलं काही नाही. दोघंही भेदरलो होतो. दादाच म्हणाले, "मला वाटलं मी पडलो खाली. म्हणलं मेलोच, म्हणून ऐकू यायलं." आणि हसले. मीही हसले, आणि माझं हसणं ऐकून ते एकदम थबकले.

"हसलीस व्हय?"

"हो."

"बोल. काय बी बोल. थांबू नको."

दिवसभर बोलणं हाच माझा धंदा, आणि नेमकं तेव्हा मला काही सुचेना! मी सांगितलं की काल गाडीत शेंगा खाल्ल्या त्या खवट होत्या. आल्यावर आत्यानं चहात गूळ घातला होता. माझ्या मैत्रिणीला दुसरी मुलगी झाली. घरमालकीण कपडे वाळत घालू देत नाही. असलं काहीही… आणि दादा "हाव… हाव…" करत होते. कुणी त्यांना शेंगांबद्दल इतक्या बारकाईनं वीस-बावीस वर्षांत काही सांगितलं नसेल. खालून कुठून तरी मोर ओरडला. मी म्हटलं, "मोर ओरडला, ऐकला?"

"न्हाई. तूच तेवढी येऊलालीस."

"हळू बोला दादा, किती मोठ्यानं बोलता!"

"माझा मला कुठं येतो? तुझाच येऊलालाय, माय. बाकी समदं तसंच हाय, बंद."

हे लक्षात ठेवा, कारण याचा अर्थ मला अजून लागलेला नाही. त्यांचे कान उघडले नव्हते. फक्त माझा आवाज आत जात होता.

मग म्हणाले, "तिथं टेलिफोनवर काय म्हणतेस ते म्हणून दाखिव."

मी ऑफिसातल्यासारखी ताठ बसले आणि म्हटलं, "हॅलो… लातूर… नंबर सांगा. धरून ठेवा, लावून देते."

ते खुदकन हसले. "लातूर म्हणताना 'र' आसा काय म्हणतेस गं? जीभ घसरल्यावानी."

वाचणाऱ्यांनी इथं जरा थांबावं. मी 'र' कसा म्हणते, हे ओठांवरून दिसत नाही. हातानं तर सांगताच येत नाही. ते फक्त ज्यानं ऐकलंय त्यालाच कळतं.

"माझी माय आसाच म्हणायची," दादा म्हणाले. आवाज जरा खाली आला होता. "मी चौदा-पंधराचा असताना गेली ती. तिचा आवाज इसरलो होतो मी. लई येळा आठवून बघितला, येतच नव्हता. तुझा हुबेहूब तिच्यावानी हाय… ती मला रामा म्हणून हाक मारायची. म्हण बघू."

"काय?"

"रामा म्हण. एक डाव."

बापाचं नाव तोंडानं घ्यायचं? ते पण नुसतं, एकेरी? माझी जीभ रेटेना. त्यांनी मनगट हलकेच दाबलं. समोर पांढरं-पांढरं, काही दिसत नव्हतं. ते दिसत नव्हते म्हणूनच जमलं असेल.

"रामा," मी म्हटलं.

ते रडले. मी त्यांना आईच्या वेळी रडताना बघितलं होतं, पण ते रडणं वेगळं होतं. हे अगदी लहान पोर रडतं तसं. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले आणि आणखी दोनदा म्हटलं, "रामा… रामा…" माझ्या बापाची मी त्या दगडावर थोडा वेळ आई झाले होते. यापेक्षा वेगळं मला सांगता येत नाही.

ते शांत झाले, आणि मला वाटलं, आत्ता नाही तर कधीच नाही. मी तशीच, समोर धुक्याकडे बघत बोलून टाकलं. म्हटलं, दादा, मला तो मुलगा आवडलाय. माणूस चांगला आहे. पण मी नाही म्हणणार आहे. मी गेले तर तुमच्याशी कोण बोलेल? रांगेत तुमच्यासाठी कोण उभं राहील?

दादांनी नाक पुसलं. "म्हंजी माझ्यापायी अडून बसलीस व्हय? मी काय चुलीवरलं दूध हाय, उतू जाईन म्हणून राखत बसायला?"

"तसं नाही दादा…"

"तसंच हाय. आईक. मी बहिरा झालो तवा तुझ्या आईला माहेरचे न्यायला आलते. बहिऱ्याबरं कसं दिवस काढशील म्हणले. ती न्हाई गेली. का न्हाई गेली, मला कवा कळलं न्हाई… तिनं सांगितलं बी असंल, मला ऐकू कुठं येत होतं! पण ती राह्यली ते तिच्या मनानं राह्यली, कुणाची कीव करून न्हाई. तू बी मनानं कर काय करायचं ते. तो आवडला ना?"

"हो."

"मोठ्यानं म्हण. मला लेकीचं 'हो' ऐकू दे की."

"होऽ!" मी ओरडले, आणि दोघंही हसलो.

तेवढ्यात उजेड बदलला. वारा फिरला असावा. धुकं विरळ होत चाललं, आधी दादांचा फेटा दिसला, मग मिशा, मग ओले डोळे. मी बोलतच होते, "पण तुम्ही आजारी पडलात, काही दुखलं-खुपलं, तर कुणाला सांगाल? आत्याकडे राहाल का? की आमच्याजवळ…"

दादा माझ्या तोंडाकडे बघत होते. अगदी निरखून, कपाळाला आठ्या घालून.

"काय म्हणलीस?" ते म्हणाले. "परत म्हण."

मी परत म्हटलं. ओरडून म्हटलं. कानाशी तोंड नेऊन म्हटलं, "दादा!" त्यांनी मान हलवली. मग माझा हात आपल्या हातात घेतला, त्यावर थोपटलं, आणि झऱ्याच्या दिशेनं बोट केलं. कळशी आणायची राहिली होती.

वाटेत आत्या आणि शेजारचा माणूस समोरून धावत येताना भेटले. दादांनी आत्याला तिथंच सांगितलं, "सगुणे, हिचा आवाज आपल्या मायवानी हाय गं." दुपारी भाकऱ्या थापताना ती मला म्हणाली, "तू थोरली झालीस अन् माझ्या दारात येऊन 'आत्या' म्हणून हाक मारलीस ना, तवाच मला मायचा आवाज ऐकल्यावानी झालतं. पण भाऊला कसं सांगू? बहिऱ्या माणसाला आवाजाचं सांगून त्याचा जीव कशाला जाळू? मी न्हाई बोलले कुणाला. मग त्याला कळलं कसं?"

संध्याकाळी पाहुणे आले. आम्ही सगळ्यांनी जयभीम घातला, चहा झाला, आणि कुणी काही विचारायच्या आधीच दादा आपल्या त्या मोठ्या आवाजात म्हणाले, "पोरगी हो म्हणलीय. मी माझ्या कानानं ऐकलं." मास्तरांच्या घरच्यांना वाटलं, बहिऱ्या माणसानं गंमत केली. ते मनापासून हसले. मी आणि आत्या मात्र हसलो नाही.

लग्न झालं. दादा आत्याकडेच राहिले, स्वतःच्या मर्जीनं. पुढं आमची नांदेडला बदली झाली तेव्हा ते आमच्याकडे राहायला आले आणि शेवटपर्यंत राहिले.

आता राहता राहिला प्रश्न. नवऱ्याला मी सगळं सांगितलं. ते मास्तर, प्रत्येक गोष्टीला कारण शोधणारे. म्हणाले, ओठ दिसले असतील जवळून. मी विचारलं, आणि लांबून हाक आली ती? म्हणाले, तुझी सावली दिसली असेल. बरं, दिसली असेल. आणि 'र'? त्यावर म्हणाले, विचार करून सांगतो. मी दादांना परत त्याच डॉक्टरांकडे नेलं, लातूरच्या नव्या डॉक्टरांनाही दाखवलं. उत्तर एकच, आतली नस मेलेली आहे, कधीही ऐकू येणं शक्य नाही. दमट हवेत, धक्का बसल्यावर, तात्पुरतं… माझं असं सगळं विचारून झालं. त्यांनी माझ्याकडेच जरा काळजीनं बघितलं.

दुसऱ्या वर्षी मृगाच्या तोंडावर मी मुद्दाम पुन्हा उंबरझरीला दादांकडे गेले. तेव्हाही धुई आली, तशीच दाट. मी त्यांना ओढत नेलं आणि त्याच दगडावर जाऊन बसलो. मी बोलले, गायले, हाका मारल्या, नाव घेऊन सुद्धा. काही नाही. मी रडकुंडीला आले, आणि दादा मजेत बसलेले. धुकं गेल्यावर म्हणाले, "झालं ते झालं की. मला मिळालं. रोज ऐकू आलं असतं, तर तू शेंगा खवट होत्या हे मला सांगितलं असतंस का?"

मला वाटतं, ते त्यांनी माझ्यापेक्षा सहज स्वीकारलं. मी अजून कारण शोधतेय. भूत म्हणावं तर भूत नव्हतं. चमत्कार म्हणावा तर आमच्यात तो शब्द चालत नाही. या ग्रुपवर कुणी डॉक्टर असतील, कुणाला असलं काही माहीत असेल, तर जरूर सांगा. पण खरं सांगू, उत्तर मिळालं नाही तरी आता माझी तक्रार नाही.

दादांच्या शेवटच्या वर्षांत आमच्या गल्लीतली पोरं त्यांच्याभोवती जमायची. त्यातल्या एका चिमुरडीनं एकदा हातवारे करून विचारलं, आजोबा, तुम्हाला काहीच ऐकू येत नाही का? मी स्वयंपाकघरात होते. दादांनी त्यांच्या त्या गल्लीभर घुमणाऱ्या आवाजात दिलेलं उत्तर मला तिथं ऐकू आलं —

"येतंय की. एक डाव आलतं."